‘जुनाट’ विमानाची आख्यायिका : ब्रिटिश नाविक विमानदलाच्या युद्धवर्णनांची चिकित्सा

१

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश नाविक विमानदलाविषयी, म्हणजे ‘फ्लीट एअर आर्म’विषयी, जे वाङ्मय गेल्या आठ दशकांत निर्माण झाले, त्यात अधिकृत इतिहास आहेत, वैमानिकांच्या आठवणी आहेत, सामान्य वाचकांसाठी लिहिलेले कथनपर इतिहास आहेत आणि त्यांच्या जोडीला चित्रपटही आहेत. हे प्रकार परस्परांहून भिन्न असले तरी एका विशेषणाच्या बाबतीत त्यांचे विलक्षण एकमत आढळते. ते विशेषण म्हणजे ‘जुनाट’. या दलाचे सर्वांत प्रसिद्ध विमान स्वोर्डफिश हे दुहेरी पंखांचे, कापडाने मढविलेले, उघड्या बैठकीचे विमान होते. त्याची कमाल गती ताशी सुमारे २२० किलोमीटर. आणि पोटाखाली सुमारे ७३० किलोग्रॅम वजनाचा पाणतीर लटकविला म्हणजे ती आणखी मंदावे. असले जुनाट विमान घेऊन मूठभर तरुणांनी बलाढ्य युद्धनौकांना नमविले, हे या वाङ्मयाचे पालुपद होऊन बसले आहे.

त्या तरुणांच्या शौर्याविषयी शंका घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ते शौर्य निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो समीक्षेचा : ‘जुनाट’ हे विशेषण या कथनांत नेमके कोणते कार्य करते? माझे प्रतिपादन असे की, बहुतेक ठिकाणी हे विशेषण कारणमीमांसेच्या जागी येऊन बसले आहे. यश मिळाले तर ते जुनाट विमान असूनही मिळाले, आणि अपयश आले तर ते विमान जुनाट म्हणून आले, असे सांगितले की यशाची पूर्वतयारी आणि अपयशाची जबाबदारी या दोन्ही गोष्टी वाचकाच्या दृष्टीआड होतात. परिणामी वीरांचे गुणगान होते, परंतु त्यांना न्याय मिळत नाही.

२

आरंभ विमानाच्या टोपणनावापासून करणे सोयीचे होईल. वैमानिक स्वोर्डफिशला लाडाने ‘स्ट्रिंगबॅग’ म्हणत. आजच्या वाचकास या नावातून दोऱ्या, तारा आणि कापड यांनी कसेबसे बांधलेले एखादे खेळणे सुचते, आणि अनेक कथनकारांनीही हाच अर्थ सोयीस्करपणे गृहीत धरला आहे. वस्तुतः हे नाव इंग्रज गृहिणी बाजारात नेत असत त्या जाळीदार पिशवीवरून पडले. ती पिशवी दिसावयास लहान, पण घालू ते सामावून घेणारी. हे विमानही पाणतीर, बॉम्ब, पाणसुरुंग, प्रकाशगोळे, वाढीव इंधनाची टाकी, आणि पुढे रडार व अग्निबाण असे काहीही घेऊन उडत असे. मूळ नावात विमानाची कीव नसून त्याच्या बहुगुणीपणाचे कौतुक होते. नावाचा अर्थ असा उलटा झाला, यातच आख्यायिकेची पहिली पायरी दिसते.

हे विमान १९३६ मध्ये सेवेत आले. त्याची जागा घेण्यासाठी तयार केलेले अल्बाकोर हे विमान १९४० मध्ये आले आणि युद्ध संपण्यापूर्वीच आघाडीवरून मागे घेण्यात आले. स्वोर्डफिशचे उत्पादन मात्र १९४४ पर्यंत चालू राहिले आणि मे १९४५ मध्ये युरोपातील युद्ध थांबेपर्यंत ते कामावर होते. हे कसे घडले? त्याची मंद गती हाच एका विशिष्ट कार्यासाठी त्याचा गुण ठरला. अटलांटिक महासागरातील व्यापारी तांड्यांच्या रक्षणासाठी लहान विमानवाहू जहाजे बांधण्यात आली. इतकेच नव्हे, तर धान्य किंवा तेल वाहून नेणाऱ्या काही जहाजांवर सपाट डेक चढवून त्यांवरूनही विमाने उडविण्यात येऊ लागली. अशा आखूड आणि सतत हेलकावणाऱ्या डेकवर वेगवान विमानाने उतरणे म्हणजे अपघातास आमंत्रण. स्वोर्डफिश मात्र तेथे उतरू शके. पाणबुड्यांच्या शोधासाठी ते अखेरपर्यंत उपयुक्त राहिले.

तेव्हा ‘जुनाट’ हे विशेषण ‘कशासाठी’ या प्रश्नावाचून अपुरे आहे. भर दिवसा शत्रूच्या लढाऊ विमानांपुढे स्वोर्डफिश खरोखरच हतबल होते. काळोखात बंदरातील जहाजांवर हल्ला करण्यास ते पुरेसे होते. पाणबुडीच्या पाठलागात ते उत्तम होते. विमान एकच, पण त्याला जेथे आणि ज्या वेळी पाठविण्यात आले त्यानुसार त्याची योग्यता बदलत गेली. हा भेद जे कथन पाळत नाही, ते इतिहास सांगत नाही.

३

टारांटोच्या हल्ल्याचे उदाहरण घेऊ. ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री इलस्ट्रियस या विमानवाहू जहाजावरून निघालेल्या २१ स्वोर्डफिश विमानांनी दक्षिण इटलीतील टारांटो बंदरावर दोन तुकड्यांनी हल्ला केला. लित्तोरिओ, कैओ दुइलिओ आणि कोन्ते दि काव्हूर या तीन युद्धनौकांना पाणतीर लागले. त्यांपैकी काव्हूर पुन्हा कधीच सेवेत येऊ शकली नाही. ब्रिटिशांची दोन विमाने पडली, दोघे मृत्यू पावले आणि दोघे कैद झाले.

लोकप्रिय कथने या रात्रीचे वर्णन अद्भुतरसाच्या अंगाने करतात : तोफांचा भडिमार, पाण्यास चाटून जाणारी विमाने, आणि पहाटे परत आलेल्यांची मोजणी. परंतु या घटनेतील विचारार्ह भाग त्या रात्रीच्या आधीचा आहे. या बंदरावर हल्ला करण्याचा विचार १९३५ च्या ॲबिसिनियाच्या पेचप्रसंगापासून चालू होता. १९३८ मध्ये ग्लोरियस या जहाजाचे कप्तान असलेले लिस्टर यांनी त्या योजनेचा पुनर्विचार करून आपल्या वैमानिकांकडून रात्रीच्या उड्डाणाचा सराव करवून घेतला होता. आणि हेच लिस्टर १९४० मध्ये रिअर ॲडमिरल या नात्याने इलस्ट्रियसवर उपस्थित होते. माल्टाहून उडालेल्या टेहळणी विमानांनी बंदराची छायाचित्रे आणली होती, त्यामुळे तारांनी बांधलेल्या संरक्षक फुग्यांची स्थाने आधीच कळली होती. फुग्यांपैकी बरेचसे वादळाने नष्ट झाले होते, आणि जहाजांभोवतीच्या संरक्षक जाळ्याही अपुऱ्या होत्या. ज्या होत्या त्यांच्या खालून जातील अशा खोलीवर पाणतीर बसविण्यात आले. लांबच्या पल्ल्यासाठी तिसऱ्या माणसास मागे ठेवून विमानात इंधनाची जादा टाकी घालण्यात आली. एकूण २१ विमानांपैकी केवळ ११ विमानांकडे पाणतीर होते. उरलेल्यांनी प्रकाशगोळे आणि बॉम्ब टाकून त्यांचे काम सुकर करावयाचे होते.

हा सर्व तपशील अधिकृत इतिहासांत उपलब्ध आहे. तरीही कथन लिहिताना तो पार्श्वभूमीस ढकलला जातो, कारण सरावाच्या रात्रींत नाट्य नसते. पण ज्यांनी वर्षानुवर्षे काळोखात डेकवर उतरण्याचा सराव केला, त्यांना केवळ धाडसी म्हणणे म्हणजे त्यांच्या विद्येची उपेक्षा करणे होय. दोन वर्षांच्या सरावाने साधलेली गोष्ट एका रात्रीच्या दैवयोगाच्या खाती जमा होते.

४

याच विमानाची दुसरी बाजू पाहण्यासाठी एका व्यक्तीच्या दोन मोहिमा शेजारी ठेवून वाचाव्यात. ती व्यक्ती म्हणजे लेफ्टनंट कमांडर यूजीन एस्मंड.

२४ मे १९४१ रोजी उत्तर अटलांटिकमध्ये व्हिक्टोरियस या नव्याकोऱ्या विमानवाहू जहाजावरून नऊ स्वोर्डफिश विमाने घेऊन एस्मंड बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेवर चालून गेले. वेळ रात्रीची, हवा वादळी, ढग दाट. एक पाणतीर लागला. त्याने फारशी हानी झाली नाही. परंतु नऊच्या नऊ स्वोर्डफिश विमाने अंधारात परत जहाजावर उतरली.

१२ फेब्रुवारी १९४२ रोजी शार्नहोर्स्ट, ग्नायझेनाउ आणि प्रिन्झ ऑयगेन ही जर्मन जहाजे ब्रेस्टहून निघून इंग्लिश खाडीतून भर दिवसा पुढे सरकत होती. एस्मंड यांच्या ८२५ व्या स्क्वाड्रनची सहा स्वोर्डफिश विमाने मॅन्स्टनच्या धावपट्टीवरून उडाली. लढाऊ विमानांची पाच स्क्वाड्रने संरक्षणास येतील असे आश्वासन होते. वेळेवर आले ते एकच. सहाही विमाने पाडली गेली. १८ जणांपैकी १३ जण मृत्यू पावले, त्यांत एस्मंड होते. एकही पाणतीर लागला नाही. एस्मंड यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

नेता तोच, विमान तेच, शौर्य तेच. मग फलात इतके अंतर का? पहिल्या मोहिमेत अंधार आणि ढग यांचे छत्र होते, आणि आकाशात शत्रूचे लढाऊ विमान नव्हते. दुसरीत सूर्यप्रकाश होता आणि वर जर्मन लढाऊ विमानांचे थवे होते. जर्मन जहाजे डोव्हरची सामुद्रधुनी रात्री ओलांडतील असा ब्रिटिशांचा कयास होता, आणि रात्रीच्या हल्ल्यासाठी म्हणूनच हे स्क्वाड्रन मॅन्स्टनला आणून ठेवले होते. शत्रूने नेमके उलट केले. तो बाहेर पडल्याची वार्ता वेळेवर कळली नाही. आणि कळल्यावर रात्रीसाठी योजलेले साधन दिवसा वापरले गेले.

या प्रसंगाची बहुतेक वर्णने करुण आणि वीर या दोन रसांत पूर्ण होतात आणि तेथेच थांबतात. एस्मंड यांच्या बलिदानाचे वर्णन जितके उदात्त होत जाते, तितका त्यांना तेथे धाडणाऱ्या निर्णयाचा विचार मागे पडतो. जुने विमान आणि शूर नेता अशी जोडी जुळली की मृत्यू हे विधिलिखित वाटू लागते. विधिलिखिताची चौकशी कोण करणार? म्हणून अशा वर्णनाची उदात्तता हा साहित्यगुण मानावा की दोष, याचा निर्णय करताना समीक्षकाने ही बाब विसरता कामा नये.

५

विमाने जुनाट का राहिली, याचेही एक ठरीव उत्तर या वाङ्मयात आढळते. १ एप्रिल १९१८ रोजी आरमाराची हवाई शाखा नव्या रॉयल एअर फोर्समध्ये विलीन झाली. जहाजे आरमाराची आणि विमाने दुसऱ्या खात्याची, असा द्वैभाषिक संसार दोन दशके चालला. १९३७ मध्ये नाविक विमानदल आरमाराकडे देण्याचा निर्णय झाला, आणि प्रत्यक्ष हस्तांतर मे १९३९ मध्ये, म्हणजे युद्धास चार महिने उरले असता झाले. आरमारी लेखक सर्व दोष या द्वैताच्या माथी मारतात.

हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. समुद्रावर दिशा चुकू नये म्हणून लढाऊ विमानातही वैमानिकासोबत निरीक्षक हवा, हा आग्रह आरमाराचा होता. त्यामुळे स्कुआ आणि फुल्मार ही विमाने जड आणि संथ झाली. विमानांनी शत्रूस शोधावे, पाणतीर मारून त्याची चाल रोखावी आणि अखेरचा घाव युद्धनौकेच्या तोफांनी घालावा, हा सिद्धांतही आरमाराचाच होता. बिस्मार्कच्या बाबतीत तो यथार्थ ठरला, म्हणूनच ती मोहीम आरमारी लेखकांना विशेष प्रिय आहे.

अधिकृत इतिहासाची मर्यादा कोठे असते, हे ग्लोरियसच्या बुडण्याच्या वर्णनावरून कळते. ८ जून १९४० रोजी नॉर्वेहून परतताना ग्लोरियस आणि तिच्या सोबतच्या अकास्टा व आर्डेंट या दोन विनाशिका शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाउ यांच्या तोफांनी बुडाल्या. तिन्ही जहाजांवरील मिळून १५०० हून अधिक माणसे गेली. वाचली ती सुमारे ४०. आदल्याच दिवशी रॉयल एअर फोर्सच्या वैमानिकांनी आकडे नसलेली हरिकेन विमाने या जहाजाच्या डेकवर सुखरूप उतरवून दाखविली होती. असे असता त्या दिवशी टेहळणीसाठी एकही विमान हवेत नव्हते. विमानवाहू जहाज तोफांच्या टप्प्यात गाठले जावे, आणि शत्रू दिसेपर्यंत त्याला त्याची चाहूलही नसावी, ही खरी शोकांतिका.

स्टीफन रॉस्किल यांच्या ‘द वॉर ॲट सी’ या अधिकृत इतिहासाचा पहिला खंड १९५४ मध्ये निघाला. ग्लोरियस मुख्य ताफ्यापासून वेगळी का निघाली, याचे कारण त्यात इंधनाची टंचाई असे दिले आहे. पुढील काळात निराळी बाजू पुढे आली : जहाजाचे कप्तान आणि त्यांचे हवाई अधिकारी यांच्यात तीव्र मतभेद झाले होते, आणि लष्करी न्यायालयाच्या कामाच्या तयारीसाठी पुढे जाण्याची परवानगी कप्तानांनी मागितली होती. जॉन विंटन यांनी १९८६ मध्ये या जहाजाचे चरित्र लिहिले, तेव्हा हा वाद केंद्रस्थानी आला होता. रॉस्किल यांचा ग्रंथ व्यासंगाचा आदर्श आहे यात संशय नाही. परंतु सरकारी आश्रयाखाली लिहिलेला इतिहास व्यवस्थेचे दोष सांगू शकतो, व्यक्तींमधील बेबनाव सांगताना मात्र अडखळतो, हे येथे दिसून येते. येथे ‘जुनाट विमाना’ची सबबही उपलब्ध नव्हती, कारण विमान उडालेच नव्हते. म्हणून इंधनाची सबब आली.

६

आता आठवणींच्या वाङ्मयाकडे वळू. चार्ल्स लॅम यांचे ‘वॉर इन अ स्ट्रिंगबॅग’ (१९७७) हे या प्रकारातील एक उत्कृष्ट पुस्तक होय. टारांटोच्या रात्री लॅम यांच्याकडे प्रकाशगोळे टाकण्याचे काम होते. म्हणजे हल्ल्याचा इतिहास आपणांस येथे मुख्य योद्ध्याकडून मिळत नाही. जो बाजूस राहून इतरांसाठी उजेड करीत होता, त्याच्याकडून मिळतो. या स्थानामुळे पुस्तकास एक समतोल लाभला आहे. १९३९ मध्ये बुडालेले करेजस, टारांटो, आणि फ्रेंच छावणीतील कैद, हे सारे अनुभव सांगताना लेखक आपल्या विमानाची थट्टाही करतो आणि त्याची गणितेही देतो.

याउलट जॉन मॉफट यांच्या २००९ मधील आठवणींचे ‘आय सँक द बिस्मार्क’, म्हणजे ‘मी बिस्मार्क बुडविली’, हे शीर्षक पाहावे. २६ मे १९४१ च्या संध्याकाळी आर्क रॉयलवरून उडालेल्या १५ स्वोर्डफिश विमानांत मॉफट होते, आणि त्या हल्ल्यातील एका पाणतीराने बिस्मार्कचे सुकाणू जायबंदी केले, हे सत्य आहे. परंतु तो पाणतीर कोणाचा, हा मुद्दा त्या ढगाळ, धूसर वातावरणामुळे वादग्रस्तच राहिला आहे. शिवाय प्रत्येक विमानात तिघे होते. डेकवर वाऱ्यापावसात विमाने धरून ठेवणारे खलाशी होते. आणि दुसऱ्या दिवशी युद्धनौकांच्या तोफा व क्रूझरचे पाणतीर यांनी शेवट केला. प्रथमपुरुषी एकवचन हे आठवणींच्या वाङ्मयाचे बळ आहे. कारणमीमांसेत मात्र तेच त्याचे वैगुण्य होते.

त्याच दिवसाचा आणखी एक प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. दुपारच्या पहिल्या हल्ल्यात आर्क रॉयलच्या विमानांनी चुकून आपल्याच शेफील्ड या क्रूझरवर पाणतीर सोडले. कथनकार हा प्रसंग ओशाळवाणा किंवा विनोदी म्हणून घाईने आटोपतात. पण त्या चुकीनेच हे उघड झाले की, पाणतीरांवर बसविलेले चुंबकीय स्फोटक पाण्यावर आदळताच अवेळी फुटत होते. दुसऱ्या हल्ल्यासाठी आघाताने फुटणारे स्फोटक बसविण्यात आले. ज्या यशाचे श्रेय एका वैमानिकाच्या नेमबाजीस देण्यात येते, त्याची एक मुळी अशी दुपारच्या चुकीत आणि जहाजावरील कारागिरांच्या चार-दोन तासांच्या कामात आहे.

चित्रपटांतही हाच दृष्टिकोनाचा प्रश्न दिसतो. १९४१ च्या ‘शिप्स विथ विंग्ज’मध्ये आर्क रॉयलवरील खरी दृश्ये आहेत, त्याचा नायक सेवेतून काढून टाकलेला वैमानिक असून प्राणार्पणाने तो आपला कलंक धुऊन काढतो. १९६० च्या ‘सिंक द बिस्मार्क’मध्ये नायक भूमिगत नियंत्रण-कक्षात नकाशापुढे बसलेला आहे. तो अधिकारी कल्पित असला तरी माहिती, विलंब आणि निर्णय यांनी युद्ध घडते, ही जाणीव येथे अधिक आहे. परिपक्वतेच्या दृष्टीने दुसरा चित्रपट एक पाऊल पुढे आहे.

७

‘जुनाट विमाना’च्या आख्यायिकेची खरी कसोटी तिने काय वगळले यावर लागते. सप्टेंबर १९४३ मध्ये सालेर्नोच्या उतरणीच्या वेळी लहान विमानवाहू जहाजांवरून सीफायर विमाने लढली. सीफायर म्हणजे नामवंत स्पिटफायरचेच नाविक रूप. त्यास कोणी जुनाट म्हणणार नाही. परंतु वारा पडलेला, जहाजे संथ, डेक आखूड आणि विमानाची चाके नाजूक. परिणामी शत्रूने पाडलेल्या विमानांपेक्षा उतरताना मोडलेल्या विमानांची संख्या कितीतरी अधिक झाली. आधुनिक विमान चुकीच्या डेकवर निकामी ठरते, हा धडा स्वोर्डफिशच्या कथेस पूरक आहे. तथापि अपघातात वीररस नसल्याने त्याला कथनांत अल्प स्थान मिळते.

तीच गत पॅसिफिक ताफ्याची. जानेवारी १९४५ मध्ये चार मोठ्या ब्रिटिश विमानवाहू जहाजांनी सुमात्रातील पालेंबांगच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवर दोन हल्ले केले, आणि त्यानंतर हा ताफा ओकिनावाच्या लढाईत उतरला. ब्रिटिश विमानवाहू जहाजांची एवढी मोठी जमवाजमव पूर्वी कधी झाली नव्हती. परंतु विमाने बहुतांशी अमेरिकन अ‍ॅव्हेंजर, कॉर्सेअर आणि हेलकॅट. जॉन विंटन यांनी या ताफ्यावरील आपल्या १९६९ मधील ग्रंथास ‘विस्मृत ताफा’ अशा अर्थाचे नाव दिले, ते सार्थ आहे. या विस्मरणास अंतर हे कारण असेलच. पण येथे दुबळे साधन आणि प्रबळ शत्रू हे रूढ द्वंद्व जुळत नाही, हेही कारण असावे असे मला वाटते.

८

मराठीच्या अभ्यासकास हा सर्व वाद परका वाटण्याचे कारण नाही. पानिपतच्या बखरी आणि पत्रे यांच्यातील अंतर आपण जाणतो. बखरकार पराभवाचे मूळ भाऊसाहेबांच्या स्वभावात किंवा दैवात शोधतो. पत्रे मात्र धान्य, पैसा आणि तुटलेले दळणवळण यांविषयी बोलतात. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढून वि. का. राजवाडे यांनी पत्रांस बखरींच्या वरचे स्थान दिले, तेव्हा बखरींचा साहित्यगुण त्यांनी हिरावून घेतला नाही. त्यांच्या प्रामाण्याची सीमा तेवढी आखून दिली. ब्रिटिश नाविक विमानदलाच्या आठवणी आणि कथने या अर्थाने बखरीच आहेत. त्यांतील रस खरा आहे, कारणे तपासून घ्यावयाची आहेत.

ही तपासणी आपल्याही उपयोगाची आहे. १९६१ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेले विक्रांत हे विमानवाहू जहाज युद्धकाळात १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये ‘हर्क्युलिस’ या नावाने बांधावयास घेतले गेले होते. १९७१ च्या युद्धात एका बॉयलरला तडे गेलेले असताना त्यावरील सी हॉक आणि अलिझे विमानांनी पूर्व बंगालच्या बंदरांवर हल्ले केले. पुढे हे जहाज मुंबईत संग्रहालय म्हणून उभे होते. २०१२ मध्ये ते बंद झाले आणि २०१४ मध्ये मोडीत निघाले. त्याविषयी मराठीत लिहिताना ‘जुने जहाज आणि शूर नौसैनिक’ एवढ्यावर लेखणी थांबण्याचा धोका उघड आहे. त्या बॉयलरसह जहाज कसे चालविले, त्याचे कार्यक्षेत्र कोणत्या विचाराने निवडले, विमाने किती वाऱ्यावर उडविली, हे जो अभ्यासक विचारील, तोच त्या नौसैनिकांच्या कर्तृत्वाचे यथार्थ मोल करू शकेल.

शौर्य हे मूल्य आहे. ते कारण नव्हे. टारांटोच्या वैमानिकांस त्यांच्या विद्येचे श्रेय मिळावे आणि मॅन्स्टनहून उडालेल्या १८ जणांविषयी ‘त्यांना दिवसा का पाठविले?’ हा प्रश्न विचारला जावा, एवढी अपेक्षा या वाङ्मयाकडून करणे अवाजवी ठरू नये.